अवयवी आणि लेयर

अवयवांहून निराळा, त्यांच्यात राहणारा आणि तरीही एक असणारा संपूर्ण पदार्थ, म्हणजे अवयवी, खरोखर असतो की अवयवांच्या समुदायालाच व्यवहाराच्या सोयीसाठी एक नाव दिले जाते, या प्रश्नावर नैयायिक आणि बौद्ध यांच्यात कित्येक शतके वाद झाला. नैयायिकांच्या मते पट तंतूंहून वेगळा असून तो तंतूंमध्ये समवाय नावाच्या अतूट संबंधाने राहतो. बौद्धांच्या मते तंतू बाजूला काढले तर पट म्हणून काहीही उरत नाही. आज पडद्यावर दिसणाऱ्या चित्रांचा मोठा भाग असा घडवला जातो की अवयव आधी सुटे तयार होतात आणि एकता नंतर साधावी लागते. त्यामुळे या जुन्या वादाला पोथीबाहेरची एक नवी परीक्षा मिळाली आहे.

सिनेमा फोरडीसारख्या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये सीन म्हणजे वस्तूंचे आकार, पृष्ठभाग, दिवे आणि कॅमेरा यांचे गणिती वर्णन असते, आणि त्या वर्णनावरून चित्र काढण्याला रेंडर करणे म्हणतात. कुशल कारागीर बहुधा हे चित्र एकसंध काढून थांबत नाही. पृष्ठभागावर पसरलेला प्रकाश, चकाकी, प्रतिबिंब, सावली, तसेच प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर, असे वेगवेगळे पास तो काढतो आणि आफ्टर इफेक्ट्ससारख्या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे लेयरवर लेयर रचून अंतिम चित्र सिद्ध करणाऱ्या साधनात, त्यांची अक्षरांशी, आकृत्यांशी किंवा प्रत्यक्ष चित्रित केलेल्या फुटेजशी सांगड घालतो. २०१३ साली आफ्टर इफेक्ट्समध्ये सिनेवेअर हा दुवा आला आणि त्रिमितीय फाइल आधी रेंडर न करताही थेट लेयर म्हणून ठेवता येऊ लागली. तरी सुट्या पासांची रीत टिकून आहे, कारण सावली थोडी गडद करायची असेल तर सगळे चित्र पुन्हा काढावे लागू नये ही गरज टिकून आहे.

सातव्या शतकाच्या सुमारास झालेल्या धर्मकीर्तीने ‘प्रमाणवार्तिका’त अवयवीविरुद्ध जे आक्षेप घेतले, ते या संदर्भात विलक्षण नेमके वाटतात. शरीर खरोखर एक असेल तर हात हलताच सगळे शरीर हलले पाहिजे, एक भाग झाकला की सगळे झाकले गेले पाहिजे आणि एक भाग रंगवला की सगळे रंगले पाहिजे. तसे होत नाही, म्हणून एक असे काही नाही, असा तो युक्तिवाद आहे. हालचाल, आवरण आणि रंग ही तीनही कामे कंपोझिटिंग करणारा प्रत्येक लेयरवर स्वतंत्रपणे करतो: लेयरला गती देतो, मॅट लावून त्याचा भाग झाकतो, त्याचा रंग सुधारतो. नैयायिकांनी रंगाच्या आक्षेपाला उत्तर म्हणून चित्ररूप, म्हणजे अनेक रंगांच्या अवयवांतून अवयवीत उत्पन्न होणारा एकच स्वतंत्र रंग, मानले. हे उत्तर हुशारीचे असले तरी ओढूनताणून आणल्यासारखे वाटते.

वरवर पाहता येथे बौद्धांचीच सरशी होते. प्रकाशाचा स्वभाव बेरजेचा असल्यामुळे, रंगांची मूल्ये लिनिअर स्वरूपात, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात ठेवली, तर प्रकाशाचे सुटे पास मिळवून पूर्ण चित्र जसेच्या तसे परत मिळते, आणि त्या बेरजेपलीकडे वेगळे असे काही शिल्लक राहत नाही. पण हे पास आले कोठून, हा प्रश्न विचारला की पारडे फिरते. गोळ्याची सावली जमिनीवर पडते तेव्हा ती ना एकट्या गोळ्याची असते ना एकट्या जमिनीची. प्रतिबिंबाचा पास काढताना आसपासच्या सगळ्या वस्तू सीनमध्ये हजर असाव्या लागतात. ज्या अवयवांची बेरीज संपूर्णाइतकी भरते, ते अवयव संपूर्णाच्या सान्निध्यातच काढलेले असतात, आणि म्हणून ही बेरीज अवयवी नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

वस्तूच्या कडेपाशी हे अधिक स्पष्ट होते. १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी डिजिटल प्रतिमा एकमेकींवर रचण्याचे गणित मांडले. त्याचा आधार अल्फा, म्हणजे वस्तूने बिंदूचा किती हिस्सा व्यापला आहे हे सांगणारी संख्या, हा होता. कडेवरच्या बिंदूचा अल्फा अर्धा असेल, तर उरलेला अर्धा हिस्सा खाली जे येईल त्याच्यासाठी राखून ठेवलेला असतो, आणि खाली काय येणार हे तेव्हा ठरलेलेही नसते. रंग अल्फाने आधीच गुणलेला आहे की नाही हे समजण्यात गफलत झाली, तर वस्तूभोवती काळपट किनार उमटते. म्हणजे लेयर सुटा असतानाही त्याची घडण दुसऱ्याकडे तोंड करूनच झालेली असते.

तरीही सीन आणि प्रत्यक्ष फुटेज यांचा जन्म एका संपूर्णातून झालेला नसतो, मग त्यांची एकता कोठून येते? प्रकाश जुळला, रंग जुळले, तरी मूळ कॅमेऱ्याची चाल आणि भिंगाचे नाभीय अंतर जुळले नाही तर वस्तू जमिनीवरून घसरत राहते. म्हणून फुटेजवरून कॅमेऱ्याची चाल गणिताने शोधून तीच त्रिमितीय सीनला द्यावी लागते. एकता येथे पाहण्याच्या सामाईक स्थानातून येते, आणि वेदान्तातील साक्षीची, म्हणजे सर्व दृश्यांना एकत्र प्रकाशित करणाऱ्या द्रष्ट्याची, आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र ही तुलना जपून करायला हवी. आफ्टर इफेक्ट्समध्ये कॅमेरा हाही एक लेयरच असतो, त्याचे स्थान आकड्यांत मांडलेले असते आणि तो निवडता, हलवता, पुसता येतो. ‘दृग्दृश्यविवेक’ या प्रकरणग्रंथाच्या क्रमाने पाहिले तर डोळा मनाला दृश्य असतो आणि मन साक्षीला. कॅमेऱ्याची जागा या क्रमात डोळ्याच्याही अलीकडे, दृश्याच्या बाजूला आहे.

वेदान्तातला रज्जुसर्पाचा, म्हणजे दोरीवर भासणाऱ्या सापाचा, दृष्टान्तही येथे अपुरा पडतो, कारण दोरीचे ज्ञान होताच साप नाहीसा होतो, तर लेयर स्वतः रचणाऱ्यालाही चित्र एकच दिसत राहते. मृगजळही जाणल्यावर दिसतच राहते, हे अद्वैती उत्तर योग्य आहे. पण मृगजळाने तहान भागत नाही, आणि हे चित्र ज्यासाठी आहे ते पाहणे मात्र पूर्ण घडते. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’च्या सातव्या, सर्वांत विस्तृत प्रकरणात अज्ञानाची कल्पनाच खोडून काढली आणि एकच तत्त्व द्रष्टा व दृश्य होऊन विलसते असे मांडले. दिसण्याला फसवणूक न मानणारी ही भूमिका या अनुभवाला अधिक न्याय देते. धर्मकीर्तीची स्वतःची कसोटीही येथे लावता येते: जे कार्य घडवू शकते ते सत्. जुळलेल्या चित्रात वस्तूला वजन येते, अंतर येते, ती जमिनीवर टेकते, आणि हे कार्य कोणताही एक लेयर करत नाही. समुदायच ते कार्य करतो असे धर्मकीर्ती म्हणेल. पण तेच लेयर उलट्या क्रमाने रचले की समुदाय तोच राहूनही कार्य घडत नाही, आणि मग त्या रचनेला लेयरांहून वेगळे काही मानणे त्यालाही भाग पडते.