न दिसणारा टाका

माझ्या धाकट्या भावाने एका लग्नासाठी शेजारच्या काकांचा कोट मागून आणला होता. नाचता नाचता काखेखालची शिवण चार बोटे उसवली. कोटाला अस्तर असल्यामुळे आतून हात घालायला जागा नव्हती. आईने तो बाहेरूनच शिवला.

दोन्ही काठ आत दुमडले, कोटाच्या रंगाचा दोरा घेतला, गाठ घडीच्या आत दडवली. सुई एका दुमडीच्या आतून तांदळाच्या दाण्याएवढी पुढे न्यायची, बाहेर काढायची आणि बरोबर समोर पलीकडच्या दुमडीत घालायची. पाच-सहा टाके झाले की मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे दोरे दिसतात. मग दोरा हलकेच ओढायचा. पायऱ्या आत जातात, काठाला काठ मिळतो. जास्त ओढला तर कापड चुणते. उशीत कापूस भरल्यावर राहिलेले तोंडही असेच बंद करतात.

शिवण शोधूनही सापडेना. भाऊ खूश झाला. “आता काकांना सांगायची काय गरज?” तो म्हणाला. मलाही तेच वाटले होते, हे कबूल करते. नुकसान भरून निघाले, मग उगाच त्यांच्या मनाला लावून कशाला घ्यायचे?

आई एवढेच म्हणाली, “हातशिलाई आहे. उद्या ते हात वर करतील आणि चारचौघांत फाटेल.”

वाचकहो, हा प्रश्न कोटापुरता नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’ या ग्रंथात तो विक्रेत्यासंबंधी विचारला आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते घेणाऱ्याला दिसतेच. किंमत त्या मानाने कमी केली असेल तर वेगळे सांगायला नको. पण दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर सांगितलेच पाहिजे. मला विशेष आवडते ते त्यांचे पुढचे म्हणणे: त्यासाठी गावात दवंडी पिटायची गरज नाही, कारण मग कोणी जवळच येणार नाही. जो घ्यायला येतो, त्याला सांगावे.

आपल्याकडे लग्ने जुळवताना नेमके उलटे चालते. मुलाची दारू सुटून वर्ष झालेले असते. सगळ्या आळीला ते ठाऊक असते, चवीने बोलले जाते. फक्त जी मुलगी त्याच्या घरात येणार, तिला कोणी सांगत नाही. “आता सुधारलाय ना!” असे म्हणतात. सुधारला असेलही, आणि आळीने आता त्याचे नाव काढू नये हेही खरेच. पण कुठे ताण पडला तर उसवेल, हे त्या मुलीला कळायला नको का? आणि सांगितल्यावर तिने नकार दिला, तर त्या मुलाने कुठे जावे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

कोट परत करायला आई स्वतः गेली. काकांनी चष्मा लावून शिवण शोधली, पण त्यांना ती दिसेना. तेव्हा आईने त्यांचे बोट धरून त्या जागेवर ठेवले.