सवय कोणाच्या मालकीची?

१९९५ साली मायक्रोसॉफ्टनं विंडोजच्या डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’चं बटण बसवलं. संगणक बंद करायचा तरी आधी ‘स्टार्ट’ दाबायचं, ही गंमत लोकांनी सतरा वर्षं सोसली. २०१२ साली विंडोज ८ आलं आणि बटण गायब! जागी रंगीत फरश्या. कित्येकजण असे हळहळले, की देवघरातली समईच कोणी उचलून नेली. बाकीचे म्हणाले, “अहो, यंत्र किती चटकन सुरू होतं बघा!” तेही खोटं नव्हतं.

बटण कंपनीचं, कबूल. पण न बघता तिथं जाणारा हात कोणाचा? घरमालकानं भिंत खुशाल हलवावी. अंधारात दिव्याचं बटण चाचपणारी बोटं काही भाडेचिठ्ठीत लिहून दिलेली नसतात. (जुन्यांच्या बोटांपायी नव्यांनी जन्मभर तोच कोपरा का गिरवावा, असं कोणी विचारलं तर मी जरा पाणी पिऊन येतो.)

२०१३ मध्ये बटण परतलं. दाबलं की पुन्हा त्याच फरश्या! जुन्या धर्तीची यादी यायला २०१५ उजाडलं. २०२१ च्या विंडोज ११ नं तर बटण मध्यावर आणलं. ते डावीकडे नेता येतं, पण आमचे एक शेजारी नेत नाहीत. बाण आधी जुन्या कोपऱ्यात नेतात, मग मध्यावर आणतात. विचारलं तर म्हणाले, “जुनं बिऱ्हाड होतं हो तिथं!”