झोपलेलं लेकरू

राळेगणसिद्धीत यात्रेसाठी पोरांनी यंदा ब्रेख्तचं खडूच्या वर्तुळाचं नाटक धरलं होतं. बसवणारा पोरगा पुण्यात नाट्यशास्त्र शिकून आलेला. त्याचा सगळा जीव एकाच प्रवेशात अडकला होता. नाटकाची नायिका ग्रुशा दुसऱ्याचं तान्हं बाळ पोटाशी धरून मोडका पूल ओलांडते, तो. परदेशी प्रयोगांत दिसतो तसा कडा आणि बर्फ आपल्याकडंही दिसला पाहिजे, म्हणून पारनेरला जाऊन तो मंडपवाल्याला एलईडी पडद्याचा इसार देऊन आला होता. वर्गणीतला निम्मा पैसा त्यातच गेला.

गुरुजींनी त्याला विजया मेहतांचं सांगून पाहिलं. सत्तरच्या दशकात विजयाबाईंनी हेच नाटक वायमारच्या फ्रिट्झ बेनेविट्झबरोबर मराठीत उभं केलं, ‘अजब न्याय वर्तुळाचा’ म्हणून. रूपांतर चिं. त्र्यं. खानोलकरांचं. नाटक जर्मन, पण बाज आपल्या लोकनाट्याचा. पुढं बाई जर्मनीत गेल्या आणि तिथल्या नटांना घेऊन त्यांनी ‘शाकुंतल’ बसवलं, ‘हयवदन’ बसवलं.

“आता कण्वांचा आश्रम काय ट्रंकेत भरून नेता येतो?” गुरुजी म्हणाले. “कालिदासानं तर झाडांना पाणी घालायचंसुद्धा अभिनयानंच दाखवायला सांगितलंय. रथही तसाच पळतो.”

“ती मोठी माणसं, गुरुजी. आपल्याला नुसत्या हातवाऱ्यांवर कोण बघत बसणार?”

पोराचं अगदीच चूक होतं असं नाही. यात्रेतली गर्दी कंटाळली की उठून भेळेच्या गाडीकडं जाते.

तालमीला ग्रुशा झालेल्या पोरीची आजीही येऊन बसायची. पोरगी कापडाचं बोचकं घेऊन पूल ओलांडत होती. तोल सांभाळत होती, घाबरत होती, सगळं शिकवल्याबरहुकूम. आजी मधेच ओरडली, “अगं, लेकरू झोपलंय ना?”

“हो.”

“मग ते जड कसं होईना? झोपलेलं लेकरू दुप्पट जड. मान लोंबती त्याची. नालाबंडिंगला जाताना तुझ्या बापाला अशीच न्यायची मी. खांद्याला रग लागायची, पण हात बदलायचा नाही, जागं झालं की रडायचं.”

आजी उठली, बोचकं घेतलं आणि चार पावलं चालून दाखवली. उजवा खांदा खाली गेला, तळहात आपसूक बाळाच्या मानेखाली सरकला. चहा आणणारं पोरगं ट्रे धरून तिथंच थांबलं. पूल कुठंच नव्हता, आणि तरी सगळ्यांची नजर आजीच्या पायांवर.

खाली बसताना तिनं विचारलं, “अन् सुरवातीला ते खोऱ्याचं भांडण होतं, त्याचं काय झालं?”

मूळ नाटकाच्या आरंभी एका खोऱ्यावर दोन गावं हक्क सांगतात, आणि शेवटी खोरं मिळतं ते पाटपाणी काढणाऱ्यांना. पोरानं तो भाग लांबतो म्हणून कापला होता.

“कापलंस? या गावात?” आजी म्हणाली. “एकेकाळी दारूच्या भट्ट्यांना देवळाची लाकडं जाळली इथं. मग अण्णा आले, बांध घातले, माणसं राबली, तवा विहिरींना पाणी आलं. पाणी अडवील त्याचं रान, हे आमाला तुझ्या त्या ब्रेख्तानं सांगायचं व्हय?”

पोरानं वहीतली काट मारलेली पानं शोधायला घेतली. खोऱ्यावर भांडणारे म्हातारे कोण होणार, यावरून गावातल्या खऱ्या म्हाताऱ्यांत लगेच जुंपली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं तो पारनेरला गेला. मंडपवाला इसार सहजासहजी परत देईना. अर्ध्यावर तुटलं, आणि उरलेल्या अर्ध्यात त्यानं यात्रेसाठी चार जादा सतरंज्या ठरवल्या.