बिअरची शिफारस आणि शब्दांची जबाबदारी

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील थॉर्नब्रिज या ब्रुअरीने 2005 मध्ये ‘जयपूर’ नावाची बिअर बाजारात आणली आणि आधुनिक ब्रिटिश क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे लहान प्रमाणावर, चवीच्या वेगळेपणाला महत्त्व देऊन बनवलेल्या बिअरच्या इतिहासात तिला लवकरच मानाचे स्थान मिळाले. ही बिअर ‘इंडिया पेल एल’ या प्रकारात मोडते. हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलोऱ्यातून येणारा कडवटपणा आणि सुगंध या प्रकारात मुद्दाम ठळक ठेवलेला असतो. ‘जयपूर’मधील हॉप्स अमेरिकी आहेत आणि तिचा पपनसासारखा गंध त्यांच्यातूनच येतो, जयपूर शहराचा तिच्याशी नावापलीकडे संबंध नाही. या प्रकाराभोवतीची आख्यायिकाही अशीच सैल आहे. हिंदुस्थानपर्यंतच्या लांब सागरी प्रवासात टिकावी म्हणून लंडनच्या हॉजसन नावाच्या उत्पादकाने ही कडक बिअर शोधून काढली, असे लेबलांवर आणि परीक्षणांत वारंवार सांगितले जाते. प्रत्यक्षात भरपूर हॉप्स घातलेली फिकट बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून बनत होती, पोर्टर ही गडद बिअरही त्याच जहाजांतून इकडे येत होती, आणि हॉजसनच्या यशात त्याची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ असण्याचा व कप्तानांना तो उधारीवर माल देत असे याचा वाटा मोठा होता. व्यापाराच्या या कोरड्या हकिकतीपेक्षा शोधाची कथा अधिक गोड लागते, म्हणून तीच टिकली. बिअरविषयीच्या आजच्या लेखनाचा स्वभाव समजून घेण्यासाठी हे उदाहरण सोयीचे आहे, कारण पेल्यातल्या द्रवापेक्षा त्याच्याभोवतीची शब्दरचना अधिक मोलाची ठरण्याची प्रक्रिया त्यात उघडपणे दिसते.

खुद्द जयपुरात बिअरची शिफारस कशी होते, हे पाहिले की विरोध स्पष्ट होतो. बनी पार्क हा परकोट्याबाहेरचा, रेल्वे स्थानक आणि सिंधी कॅम्प बसस्थानक यांना जवळचा भाग. जुन्या ठिकाणेदारांच्या, म्हणजे जहागीरदार घराण्यांच्या, हवेल्यांची हेरिटेज हॉटेले झालेली असल्यामुळे देशी-विदेशी पर्यटकांची तेथे कायम वर्दळ असते. अशा ठिकाणी बिअर मागणारा सामान्य ग्राहक दोनच गोष्टी विचारतो : बाटली थंड आहे का, आणि बिअर स्ट्राँग आहे की माइल्ड. हे प्रश्न अडाणीपणाचे वाटू शकतात, परंतु त्यांच्या उत्तरांचा खरेखोटेपणा तत्काळ तपासता येतो. थंडपणा हाताला कळतो आणि कडकपणा लेबलावर छापलेला असतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार मद्यार्क 5 टक्क्यांपर्यंत असलेली बिअर माइल्ड आणि त्याहून अधिक, 8 टक्क्यांपर्यंत असलेली स्ट्राँग ठरते. या हिशेबाने 5.9 टक्क्यांची इंग्लिश ‘जयपूर’ जयपूरच्या दुकानात स्ट्राँगच्याच रांगेत बसेल. तिच्याविषयी लिहिलेल्या सगळ्या नाजूक विशेषणांपेक्षा ही एक गोष्ट तेथील ग्राहकाला अधिक उपयोगी माहिती देते.

तरीही दोन शब्दांवर आस्वाद संपत नाही, आणि बिअरच्या चवीचे सूक्ष्म वर्णन म्हणजे निव्वळ थोतांड, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. या वर्णनाची मुळे कारखान्यात आहेत. मॉर्टेन माइलगार्ड या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने 1970 च्या दशकात युरोप आणि अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी बिअरच्या चवींची एक वर्तुळाकार सारणी तयार केली. निरनिराळ्या कारखान्यांतील परीक्षकांनी एकाच दोषाला एकच नाव द्यावे, हा तिचा उद्देश होता. त्यामुळे तिच्यातील बऱ्याच शब्दांमागे निश्चित रसायन उभे असते. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा गंध येतो, तो आयसोअमाइल ॲसिटेटमुळे, आणि हेच द्रव्य पिकलेल्या केळ्यातही असते; त्याच बिअरमधला लवंगेचा गंध यीस्टच्या क्रियेतून निर्माण होणाऱ्या दुसऱ्या एका संयुगाचा असतो. लोण्यासारखा वास आला तर डायअसेटिल अधिक राहिले आहे आणि किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, नीट पूर्ण झालेली नाही असा संशय घेता येतो. उकडलेल्या मक्याचा वास डायमिथाइल सल्फाइडकडे बोट दाखवतो, तर ओल्या पुठ्ठ्याची चव आली की बिअर जुनी झाली आणि तिचे ऑक्सिडीकरण झाले, हे ओळखावे. पुण्यात 2009 मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात रुळलेल्या मायक्रोब्रुअरीमध्ये कोणी केळे आणि लवंग यांचा उल्लेख केला, तर तो कल्पनाविलास करत असतोच असे नाही.

मग बिघाड कोठे झाला? दोष शोधण्यासाठी घडवलेली परिभाषा कौतुकाच्या कामी लागली, तेव्हा तिच्यावरचे नियंत्रण सुटले. मायकल जॅक्सन या ब्रिटिश लेखकाने 1977 मध्ये ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ हे पुस्तक लिहून बिअरचे प्रकार तिच्या प्रदेशांशी आणि परंपरांशी जोडून दाखवले, आणि उपेक्षित पेयाला गंभीर लेखनाचा विषय बनवले. त्याच्या पाठोपाठ आलेल्या लेखनात मात्र वाइन-समीक्षेचा थाट अधिक आणि ब्रुअरीची माहिती कमी होत गेली. पाइनच्या वनाची आठवण, संयमित माधुर्य, धीट पण प्रामाणिक कडवटपणा अशी शब्दांची आरास वाढली की वाचकाला पेयाविषयी काहीच कळत नाही. लिहिणाऱ्याची सामाजिक पायरी तेवढी कळते. पिएर बोर्दिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1979 मध्ये मांडलेला विचार येथे तंतोतंत लागू पडतो. त्याच्या मते अभिरुची वस्तूंचे वर्गीकरण करते आणि त्याच वेळी वर्गीकरण करणाऱ्याचेही.

प्रयोगांनीही या भाषेला सावध केले आहे. बोर्दो येथील संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन रंगाने लाल करून दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वर्णनासाठी लाल वाइनचे ठरावीक शब्द वापरले. नाकाआधी डोळ्यांनी निर्णय दिला होता. म्हणून सगळे रसवर्णन खोटे ठरत नाही. परंतु रंग, किंमत, लेबल आणि प्रतिष्ठा यांचे वजन शब्दांवर किती पडते, हे त्यातून दिसते. ज्या परीक्षणात पेय कोणाचे हे आधी न सांगता चव घेतलेली नसते, त्यातील आत्मविश्वास तेवढ्याच सावधपणे स्वीकारायला हवा.

भारतात या प्रश्नाला आणखी दोन पदर आहेत. पहिला, परीक्षेची साधनेच परकी असण्याचा. प्रकाशात राहिलेल्या बिअरमधील हॉप्सचे कडू घटक फुटून गंधकयुक्त संयुग तयार होते, आणि त्याच्या दुर्गंधीची तुलना इंग्रजी लेखनात अमेरिकेतील स्कंक या प्राण्याशी केली जाते. ज्या देशात हा प्राणीच नाही, तेथील लेखक तोच शब्द उचलतो, तेव्हा रसायनाला चिकटलेला एक नेमका शब्दही आरास होऊन बसतो, कारण वाचकाकडे तो पडताळण्याचा अनुभव नाही. मराठीत खवट, कुबट, करपट, आंबूस, तुरट, खरपूस असे वास आणि चव नेमके पकडणारे शब्द मुबलक असूनही ते या लेखनात क्वचित येतात. मद्याविषयी मराठीत सार्वजनिकरीत्या बोलायचे ते निषेधाने किंवा विनोदाने, अशी दीर्घकाळची रीत असल्याने मधली, मोजूनमापून बोलण्याची भाषा घडलीच नाही. गोव्यात मात्र काजूच्या हंगामात हुर्राक आणि फेणी यांच्यातला भेद ऊर्ध्वपातनाच्या टप्प्यांवरून आणि कडकपणावरून सहज सांगितला जातो. म्हणजे अशी भाषा या मातीत उगवू शकते.

दुसरा पदर हवामानाचा आणि बाजाराचा. परीक्षण लिहिले जाते ते ताज्या, नीट सांभाळलेल्या बिअरविषयी, पण ग्राहकाच्या हाती पडते ती ट्रकमधून आणि गोदामातून आलेली एक विशिष्ट बाटली. जयपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. उष्णतेने ऑक्सिडीकरण वेगाने होते, हॉप्सचा सुगंध आधी विरतो, आणि हिरव्या किंवा पारदर्शक काचेतील बिअर तपकिरी काचेतील बिअरपेक्षा प्रकाशाने लवकर बिघडते. हॉप्सच्या सुगंधावरच ज्या प्रकाराची ख्याती उभी आहे, त्याला या प्रवासाचा फटका सर्वाधिक बसतो. उत्पादनाची तारीख, साठवण आणि काचेचा रंग यांचा उल्लेख न करता केलेली शिफारस अशा ठिकाणी फारशी उपयोगी नसते. त्यातच मद्याच्या थेट दूरचित्रवाणी जाहिरातींना भारतात बंदी असल्याने वर्णनपर लेखनावर जाहिरातीचे काम आपोआप येऊन पडते, आणि त्याने स्वतःच्या शब्दांना उत्तरदायी असण्याची गरज उलट वाढते.

आस्वाद हा व्यक्तिगत असतो, त्याला तपासणीचा नियम लावणे म्हणजे रसिकतेचा गळा आवळणे होय, असा आक्षेप यावर घेतला जाईल. बिअर पिऊन सुचलेले काव्य कोणी काव्य म्हणून लिहिले, तर हा आक्षेप रास्तच आहे. शिफारस मात्र दुसऱ्याच्या पैशाविषयी आणि अपेक्षेविषयी दिलेला शब्द असते. शिवाय नेमकेपणा आणि रसिकता यांचे वैर नाही, हे मराठी संगीतसमीक्षेने पूर्वीच दाखवले आहे. जयपूरचे नाव घेऊन अल्लादियाखाँ यांची गायकी कोल्हापूर-मुंबईत रुजली. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (1961) या पुस्तकात तिचे स्थान ठरवले, ते तिला भव्य किंवा दिव्य म्हणून नव्हे. स्वर आणि लय यांच्या प्रमाणाच्या आधारे त्यांनी घराण्यांची तुलना केली. हे प्रमाण त्यांनी चुकीचे मांडले, असे गाणे ऐकून कोणीही म्हणू शकत होते. त्या मांडणीची ताकद या शक्यतेत होती, आणि तिने रसिकांचे कान कमी नव्हे तर अधिक तयार केले.

बिअरविषयीच्या लेखनाला हाच निकष लावता येतो. मद्यार्क, कडवटपणा, गोडवा, ताजेपणा, दोष आणि कोणत्या जेवणाबरोबर ती चालते हे सांगणारे वाक्य दुसरा पिणारा खोडून काढू शकतो. ‘प्रामाणिक कडवटपणा’ हा शब्दप्रयोग कोणालाही खोडता येत नाही, आणि म्हणूनच त्यावर कोणाला विसंबूनही राहता येत नाही.