उस्तादाच्या हाताखाली, शाळेच्या पटावर

उन्हाळा लागला की धाराशिव, कळंब, उमरग्याच्या बाजारात मोटार रिवायंडिंगच्या दुकानांपुढे बोअरच्या मोटारींची रांग लागते. पाणी खोल गेलेलं, व्होल्टेज पडलेलं, कधी एखादा फेज गेलेला, मोटार जळते. दुकानात उस्ताद एकटा आणि त्याच्या हाताखाली पंधरा-सोळा वर्षांची दोन पोरं. त्यातला एक जळका स्टेटर पुढ्यात ओढतो, काळी पडलेली तार उपसतो, एका कॉइलला किती टर्न होते ते मोजतो, तारेचा गेज बघतो. मग तेवढेच टर्न, त्याच गेजची तार, खाचेखाचेतून हाताने ओवत जातो. टर्न कमी पडले तर मोटार पुन्हा तापणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आहे. त्यात विद्युत मोटार आहे, वितळतार आहे. या पोराने तो वाचलेला नसतो, कारण आठवी-नववीतच त्याची शाळा सुटली. त्याच गावात हा धडा तोंडपाठ असलेला विद्यार्थीही असतो; त्याने मोटार कधी उघडून पाहिलेली नसते. दोघांचंही शिक्षण अर्धवट राहतं. नापास मात्र एकालाच म्हटलं जातं.

हाताच्या कामाचं कौतुक करून थांबायला मी तयार नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाची पहाट पाहिली आहे. लोहारा-उमरगा भागात आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात माणसं मेली ती मुख्यतः घरांखाली. रुंद दगडी भिंती, मातीचा गारा आणि वर मातीचं जड धाबं. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे लांब दगड अनेक घरांत नव्हतेच. ती घरं बांधणारे गवंडी अडाणी नव्हते. बापाच्या, चुलत्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकलेले होते. पण हाताखालच्या शिक्षणात उस्तादाचं कसब उतरतं तशी त्याची चूकही उतरते, आणि ‘असं का?’ विचारण्याची सोय तिथे फारशी नसते. भूकंपानंतर गवंड्यांना जोडाचे दगड आणि काँक्रीटचे पट्टे शिकवावे लागले. रिवायंडिंगच्या दुकानातही हेच चालतं. पोरगा कॉइल चोख भरतो, पण व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट का ओढते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शेतकरी महिन्याभरात तीच मोटार घेऊन परत येतो.

म्हणून शाळा हवी, आणि ती काम सोडायला न लावता हवी. घरची कमाई थांबवून शाळेत बस, असं सोळा वर्षांच्या पोराला सांगणं सोपं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात ते कुणी ऐकत नाही, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कायद्यांकडे पाहिलं की फट कुठे आहे ते दिसतं. शिक्षण हक्काचा कायदा ६ ते १४ वयाचा. बालमजुरीचा कायदा १४च्या आत कामाला बंदी घालतो आणि १८ पर्यंत धोकादायक कामांना. म्हणजे शिक्षणाचा हक्क संपतो त्याच वाढदिवशी कामाची वाट मोकळी होते. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा, त्यातही किमान वय १४ आहे. पण ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. उस्ताद आणि दोन पोरांचं दुकान या हिशेबात बसतच नाही. २०२३ साली आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत गुरू-शिष्य परंपरेचा गौरव आहे. तिच्या १८ व्यवसायांत लोहार, सुतार, कुंभार, गवंडी, शिंपी आहेत. रिवायंडिंग आणि गॅरेज नाही, आणि वयाची अट १८ पूर्ण. खरं शिकणं चालतं त्या वयात आणि त्या जागी सरकार पोचलेलंच नाही.

शाळा आणि काम यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. गांधीजींनी १९३७च्या वर्धा परिषदेत नई तालीम मांडली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ चालवून दाखवलं. आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ पोचले ते डॉ. श्रीनाथ कलबाग. त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि शाळा सोडलेल्या पोरांना वेल्डिंग, वीजकाम, बांधकाम, शेती यांतून विज्ञान शिकवलं. त्यातून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा विषय माध्यमिक शाळांत गेला आणि गावचे कारागीर आठवड्यातून एक दिवस निदेशक म्हणून वर्गात आले. उस्ताद शाळेत आला, हे मोठंच काम झालं. शाळा अजून उस्तादाच्या दुकानात गेलेली नाही.

जर्मनीचं उदाहरण आपल्याकडे फार दिलं जातं. तिथे मुलं आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे कामावर असतात, पण ती व्यवस्था कंपन्यांच्या आणि व्यापारी मंडळांच्या बळावर उभी आहे. धाराशिवला पश्चिम आफ्रिकेतलं बेनिन जास्त जवळचं वाटावं. तिथे छोट्या कारागिरांकडची पोरं काम न सोडता ठरल्या दिवशी प्रशिक्षण केंद्रात जातात आणि सरकारी प्रमाणपत्र मिळवतात.

आपल्याकडेही उस्तादाच्या दुकानाला शिकण्याची जागा म्हणून मान्यता द्यावी. त्यावरची एक शंका खरी आहे: अशी मान्यता म्हणजे बालमजुरीला मागचं दार. ते दार बंदच राहिलं पाहिजे. १४च्या आतलं कुणी नको. लेखी करार हवा, पोराच्या हातात विद्यावेतन हवं, शाळेच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, आणि ग्राइंडरपुढे चष्म्याशिवाय बसवलं तर मान्यता रद्द. उस्तादाचाही विचार हवा. आज शिकवलेला पोरगा उद्या समोर दुकान टाकेल या भीतीने तो शेवटचा डाव राखून ठेवतो. त्याला शिकवण्याचं मानधन द्या, कागदावर निदेशक म्हणा. हात आखडण्याचं एक कारण तरी कमी होईल. मुलींसाठी तर वेगळा प्रयत्न लागेल, कारण शिवणकाम आणि पार्लर सोडलं तर या दुकानांत त्यांना कुणी उभंच करत नाही.

आणि वेळापत्रक बदला. मोटारी जळतात फेब्रुवारीपासून, दहावीची परीक्षाही तेव्हाच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत एकेक विषय सोडवता येतो, मागणीनुसार परीक्षाही देता येते. दुकान बंद असतं त्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि भाषा, संध्याकाळी तालुक्याच्या आयटीआयची कार्यशाळा, असा वर्ग पावसाळ्यात सुरू करून जानेवारीत संपवता येईल. विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा दुकानातच घ्यावी. पोरगा स्टेटर भरेल, शिक्षक त्याला व्होल्टेज आणि करंटचे प्रश्न विचारतील, आणि गुणपत्रिकेवर शिक्षकांच्या सहीशेजारी उस्तादाची सही असेल.