वावर वाहणे, फूल वाहणे

लॅटिनमध्ये ‘कोलेरे’ असे एक क्रियापद आहे. त्याचा साधा अर्थ जमीन कसणे. जिथे कसायचे तिथेच राहायचे, म्हणून वस्ती करणे; मग जपणे, आणि देवाला भजणे. अ‍ॅग्रिकल्चर, कल्चर, कल्ट, कॉलनी ही सगळी त्याचीच प्रजा. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४५ साली मनाला शेताची उपमा दिली आणि तत्त्वज्ञानाला मनाची मशागत म्हटले. तिथून शब्दाच्या पायाची माती हळूहळू सुटत गेली.

आपल्याकडे ती मुद्दाम धुतली गेली. ‘कल्चर’साठी बंगालीत ‘कृष्टी’ हा शब्द चाले. नांगरण्याच्या धातूवरून आलेला, म्हणजे अर्थाने अगदी चोख. रवींद्रनाथांना तो रुचत नसे. सुनीतिकुमार चटर्जींना १९२२ साली पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून ‘संस्कृती’ हा शब्द मिळाला, आणि रवींद्रनाथांनी तो आनंदाने पसंत केला. शब्द देखणा आहे, वादच नाही. पण त्यात वखर नाही, डवरा नाही.

खरे तर मराठीकडे ‘कोलेरे’चा सख्खा भाऊ होता. वाशीमकडे शेतकरी वावर वाहतो. मारुतीला रुईची पाने वाहतो. घरादाराची काळजी वाहतो. एखाद्या कामाला स्वतःला वाहूनही घेतो. आणि ओझे वाहतो, जे लॅटिन क्रियापदात नाही. ते आमचे आम्ही घातले असावे.

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न राजशेखराने याच गावी लावले. इथल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा, त्याच्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षातला, ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यात राजाची वंशावळ आहे, दान मिळालेल्या ब्राह्मणांची नावे आहेत, गावाला दिलेल्या सवलती आहेत. त्या गावची जमीन कोण वाहत होते, ते नाही. रोमची गोष्ट वेगळी नाही. ‘कोलोनुस’ म्हणजे कसणारा. ३३२ साली कॉन्स्टंटाइनच्या कायद्याने पळालेल्या कोलोनुसला मूळ जमिनीवर परत पाठवायचे ठरले. क्रियापद चढत चढत देवळापर्यंत गेले आणि कर्ता बांधावर अडकला.

१९५८ साली विदर्भासाठी कूळकायदा आला. कसेल त्याची जमीन, हे वाक्य मला आजही न्याय्य वाटते. पण त्याचा एक विचित्र परिणाम झाला. कूळ लागेल या धास्तीने मालक बटईचा करार तोंडीच ठेवतो. सातबाऱ्यावर नाव मालकाचे, त्यामुळे पीककर्ज काढायला कागद मालकाचा. सोयाबीन बुडाले तर नुकसान सोसणारा मात्र दुसराच. हक्क द्यायला आलेल्या कायद्याने कसणाऱ्याला कागदावरून पुसायला मालकाला कारण दिले.

याचा दोष एकट्या मालकावर टाकता येत नाही. दोन एकरांची विधवा मालकीण असते, पुण्यात चौकीदारी करणारा मालक असतो. त्यांचीही भीती खरी असते. म्हणून दोन-तीन वर्षांनी बटईदार बदलतात. ज्याला पुढच्या साली हे वावर मिळेल की नाही ठाऊक नाही, तो त्यात शेणखताच्या गाड्या कशाला रिकाम्या करील? तो पेरतो, डवरतो, काढतो आणि निघतो. वाहणे राहते, पण त्यातली काळजी गळते. जमिनीचा कस जातो तो असा. ‘हे वावर कोणाचं?’ असे विचारले तर तो मालकाचे नाव सांगतो, आणि जरा थांबून म्हणतो, ‘औंदा मी वाह्यतो.’