भोंगा बंद करण्यापूर्वी



हौसेने मोटरबोट चालवणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. टाकीत पुरेसे इंधन असूनही 'इंधन कमी' असा भोंगा वाजत राहतो. टाकीतला तरंगता गोळा पातळी सांगत असतो. बोट लाटांवर डुलली की इंधन हिंदकळते, गोळा खाली जातो आणि भोंगा ओरडतो. मग आपला हात वायरकडे जातो.

हा भोंगा खोटा आहे, असे आपण तपासून ठरवतो की कंटाळून? 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत लोक खोट्या हाकांना कंटाळले, म्हणून काही लांडगा यायचा राहिला नाही.

तपासल्यावर निराळेच कारण सापडू शकते. अमेरिकन पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम असा विद्युतरोध असतो. युरोपीय पद्धतीत तो १० आणि १८० असतो. एका पद्धतीचा गोळा दुसऱ्या पद्धतीच्या काट्याला जोडला, तर रिकामी टाकी भरलेली दिसते! अशा वेळी भोंग्याची कटकट हीच दोषाची पहिली खूण असते.

शिवाय बोटीत आपण एकटे नसतो. वायर तोडल्यावर शांतता आपल्याला मिळते, धोका मात्र सोबतच्या मुलाबाळांनाही पत्करावा लागतो, तोही त्यांना न विचारता. म्हणून आधी जोडणी तपासावी. एक तृतीयांश इंधन जाण्यास, एक तृतीयांश परतण्यास आणि उरलेले राखीव, हा जुना नियमही पाळावा. भोंगा दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला आहे. इतरांच्या जिवावर तो मुका करण्याचा नाही.